कूलरातली बाटली आणि चौथं शील

वाइन या विषयातला माझा एकूण अभ्यास एका तासाचा. त्यातलीही वीस मिनिटं बस रिव्हर्स घेण्यात गेली.

आमच्या ज्युनिअर कॉलेजातल्या शिक्षकांची सहल नाशिककडे गेली होती. तिथल्या एका द्राक्षबागेत एका मुलीनं आम्हाला रांगेत उभं करून ग्लास कुठे धरायचा, कसा फिरवायचा, नाक किती आत घालायचं हे शिकवलं. मी नाक जरा जास्तच आत घातलं आणि शिंकलो. पुढचं शिक्षण रुमालात झालं. पण अमरावतीला परतल्यावर माझ्या वागण्यात फरक पडला तो पडलाच. चहाचा कप मी फिरवून प्यायला लागलो. लग्नात सरबत आलं की ग्लास उजेडाकडे धरायचो. बायको म्हणायची, "काय पाहून राहिले? माशी हाय काय?"

बढाईचं असं आहे की ती खोडून काढणारा माणूस आसपास नसला, तर काही महिन्यांत आपलाच तिच्यावर विश्वास बसतो. आमच्या कॉलनीत कोणी वाइन पिणारा नव्हता. त्यामुळे मी तज्ज्ञ झालो.

माझ्या बायकोची मोठी बहीण अकोल्याला असते. तिची एकुलती एक मुलगी मातीवर संशोधन करायला उत्तर इटलीत गेली. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ती घरी आली तेव्हा कपड्यांच्या मधोमध गुंडाळून तिनं एक बाटली आणली होती. तांबडी वाइन, जुनी. किती जुनी? तर तिच्याच वयाची. शिष्यवृत्तीतून थोडे थोडे बाजूला टाकून तिनं स्वतःच्या जन्मसालाची बाटली शोधली होती: अठ्ठ्याण्णव. ठरलं असं, की तिची पीएचडी झाली की त्या आनंदात ही उघडायची आणि पहिला घोट तिच्या बाबांनी घ्यायचा.

तिचे बाबा, म्हणजे माझे साडू. आयुष्यभर कापसाचे ग्रेडर. गाडी आली की मूठभर कापूस उपसायचा, अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात धरून हळूहळू ओढायचा, धागा किती लांब निघतो ते पाहायचं, आणि एका शब्दात निकाल द्यायचा. अकोटच्या केंद्रावर असताना वर पांढरा आणि आत ओला कापूस घेऊन आलेल्या भल्याभल्यांना त्यांनी गाडीसकट परत पाठवलेलं. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे ओढून पाहायला कापूस राहिला नाही, म्हणून ते माणसं ओढून पाहतात. त्यातला सर्वांत वापरलेला नमुना मी. मला ते 'प्रोफेसर' म्हणतात, आणि त्या शब्दातच ओलाव्याची टक्केवारी असते.

त्याला कारणही आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी त्यांनी मेळघाटातल्या मधाची एक बरणी माझ्याकडे ठेवायला दिली होती. घराला रंग द्यायचा होता म्हणून, महिनाभरासाठी. मी ती ठेवली. रोज उघडून ठीक आहे ना ते पाहिलं. पाहायला बोट घालावं लागतं. महिनाअखेरीला बरणी निम्मी झाली तेव्हा मी गुळाचा पाक करून ती भरली. साडूंनी झाकण उघडलं, दोन बोटांत थेंब धरून ओढला आणि म्हणाले, "धागा तुटते." तेव्हापासून त्या घरात मी निकाल लागलेला माल आहे.

तर ती बाटली अकोल्याच्या घरात ठेवता येत नव्हती, कारण तिथे आमच्या दोघांच्या सासूबाई असतात. पौर्णिमेला सगळ्यांना बसवून त्रिशरण-पंचशील त्याच सांगतात, आपण मागून म्हणायचं. चार शीलांपर्यंत माझा आवाज खणखणीत असतो. पाचवं येतं, ज्यात मादक पदार्थांपासून दूर राहीन असं म्हणायचं असतं, तिथे तो जरा खाली येतो. सासूबाईंचं वय ऐंशीच्या पुढे आहे, पण हे त्यांना बरोबर ऐकू येतं. आता अशा बाईच्या फ्रिजमध्ये, तिच्या ताकाच्या भांड्याशेजारी, इटलीची बाटली कोण ठेवणार?

"अन् फ्रिजमध्ये ठेवायची नसतेच," मी पुढे सरसावलो. "फ्रिज फार थंड, फार कोरडा, अन् थरथरते. वाइन आडवी ठेवा लागते, अंधारात, बारा-चौदा डिग्रीवर. ते काम मले द्या."

साडूंनी माझ्याकडे कापसाच्या गाडीकडे पाहावं तसं पाहिलं.

"ठेवशील?"

"ठेवीन न, भाऊ."

"मधासारखी?"

खोलीत कोणी हसलं नाही, हे वाईट. हसले असते तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "पोरीची हाय. शब्द देतो." मग बाटली हातात घेऊन सगळ्यांचा एक फोटो निघाला. त्यात मी मधोमध आहे, छाती पुढे, आणि माझा अंगठा नेमका लेबलावरच्या सालावर आहे.

हिवाळा सुखात गेला. बाटली बायकोच्या कपाटात, पैठणी आणि इरकलीच्या मध्ये आडवी झोपलेली होती. पुढचा उन्हाळा कॉलेजच्या रसायनशाळेच्या तळघरातल्या खोलीत निघाला. पण या वर्षी मी निवृत्त झालो, खोलीची किल्ली गेली, आणि एप्रिल संपता संपता आमच्या घरातल्या पाण्याच्या टाकीतूनच चहा करता येईल अशी वेळ आली. भाची जूनच्या आधी येणार नव्हती. फ्रिजची वाट मीच भाषण करून बंद केलेली. एसी आमच्याकडे नाही.

मग मला कूलर दिसला.

इथे जरा शास्त्र ऐका. वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी फिरतं, त्याचं बाष्पीभवन होतं, बाष्पीभवनानं खालच्या टाकीतलं पाणी गार होतं. मी थर्मामीटर आणून मोजलं: तेवीस. बाहेर चव्वेचाळीस. बारा-चौदा नव्हे, पण अमरावतीच्या मे महिन्यात तेवीस म्हणजे महाबळेश्वर. मी रात्रीच्या आत बाटली कूलरच्या टाकीत पाण्याखाली आडवी ठेवली आणि त्या दिवशी जेवताना विनाकारण हसत होतो.

तीन आठवड्यांनी भर दुपारी कूलरची मोटर घूं घूं करून बंद पडली. बायकोनं मागची ताटी काढली, टाकीत हात घातला आणि पंपाला गुंडाळलेला पांढरा लगदा बाहेर काढला. मग दुसऱ्यांदा हात घालून बाटली काढली. बाटली आताच न्हाऊ घातलेल्या लेकरासारखी स्वच्छ निघाली होती. पुढचं लेबल गेलं, मागचं गेलं. मानेभोवती तेवढं लाल वेष्टन शिल्लक, तेही कोऱ्या करकरीत अंगावर नुसती टोपी घातल्यासारखं.

"तीस वर्षं पोट्ट्याईले रसायनशास्त्र शिकवलं न तुमी?"

"हो."

"डिंक पान्यात इरघळते का नाई?"

मी ताटी परत बसवायला घेतली.

"सांगा न. एक मार्काचा हाय."

"इरघळते."

"फोन लावा भाऊजीले अन् खरं काय ते सांगून टाका."

"उद्या लावतो," मी म्हणालो. उद्या मी राजापेठेत गेलो.

राजापेठेत शिकवणी वर्गांच्या जिन्याखाली एक लग्नपत्रिकावाला आहे. त्याच्या काउंटरवर कोपर टेकायला जागा मिळेपर्यंत दोन वास्तू आणि एक बारसं उरकलं. मग त्यानं माझ्या मोबाइलमधला फोटो मोठा करून पाहिला.

"मंगल परिणय का?"

"नाई, लेबल पायजे. यातलं. जसंच्या तसं."

"यात तं तुमचा अंगठा हाय, सर."

"तो काढून टाका."

"काढला तं त्याच्याखाली काय हाय, ते मले काय माहीत?"

मी त्याला साल सांगितलं. त्यानं अक्षरं जुळवली, सोनेरी किनार टाकली, अंगठ्याच्या जागी काहीतरी वांग्यासारखं काळपट राहिलं ते द्राक्षाचा घड म्हणून खपेल असं त्याचं मत पडलं. "खाली जागा रिकामी दिसून राहिली, सर. रिकामी बरी नाई वाटत." मी म्हटलं, भरा काहीतरी. माझा चष्मा घरी राहिला होता. लांबून पाहिलं तर इटलीच वाटत होती.

घरी बायकोनं ते पाहिलंही नाही. एवढंच म्हणाली, "लावा. खुशाल लावा. पन ते लावून तुमी अकोल्याले गेले, तं माह्या मायच्या घरी मी तुमच्यासंग नाई येत."

भाचीची पीएचडी झाली. ती आली. निरोप आला: रविवारी या, बाटली घेऊन.

आमच्याकडे उन्हात निघताना डोक्याला दुपट्टा बांधतात. त्या रविवारी मी तो ओला करून बाटलीला बांधला आणि एसटीत तिला मांडीवर घेऊन बसलो. शेजारी बायको बसली होती, खिडकीकडे तोंड करून. पलीकडच्या बाकावरच्या म्हातारीनं विचारलं, "किती महिन्याचं हाय, बाप्पा?" बायको म्हणाली, "सत्तावीस वर्षांचं." म्हातारी बाकावर जरा पलीकडे सरकली.

लेबल माझ्या खिशात, रुमालाच्या घडीत होतं. लावू की नको, हे अजून ठरलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होतो.

अकोल्याला साडूंच्या बैठकीत सगळे जमले होते. म्हणजे साडू, मेव्हणी, भाची आणि आम्ही दोघं. सासूबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या. मी दुपट्टा सोडायला लागलो. हळूहळू, सत्काराची शाल उलगडावी तसा. शेवटचा पदर निघाला आणि बाटली टीपॉयवर उभी राहिली.

साडूंनी चष्मा लावला. काढला. परत लावला.

"याचे कपडे कुठी हायेत?"

"भाऊ, त्याचं असं झालं," मी सुरू केलं. घाम पुसायला रुमाल ओढला. आणि रुमालाबरोबर ते लेबल बाहेर आलं, हवेत एक गिरकी घेतली आणि साडूंच्या पायाशी, चेहरा वर करून, पडलं.

त्यांनी ते उचललं. वरची इटालियन अक्षरं सोडून दिली. खालची ओळ मोठ्यानं वाचली:

"आपली उपस्थिती प्रार्थनीय."

भाची आधी हसली. तिच्या हसण्यानं मला वाटलं, सुटलो. पण साडू हसले नव्हते. लेबल दोन बोटांत धरून ते म्हणाले, "असं हाय तं. आतली पेली, दुसरी भरली, अन् वरून छापाई करून आनली. मधाले लेबल नोतं, म्हनून तवा एवढी मेहनत नाई करा लागली."

"नाई हो भाऊ! कूलरात ठेवली होती, लेबल भिजून गेलं."

"कूलरात?"

"बाष्पीभवन..."

"बाष्पीभवन झालं तुह्या अकलीचं."

"भाऊजी," माझी बायको मध्ये पडली, "बाटली तेच हाय. कूलरातून म्या काहाडली."

"तू त्याची बायको हायेस."

"म्हनूनच सांगून राहिली. मी काहून वाचवू याइले?"

हा युक्तिवाद मला पटला, साडूंना नाही. ते भाचीकडे न पाहता बोलले, आणि तेव्हा त्यांचा आवाज प्रोफेसर म्हणतानाचा नव्हता. "पोरीनं एक एक पैसा जोडून आनली होती. मी दोन वर्षं वाट पाहून राहिलो. त्या मधाचं मले काई नाई. याचं हाय."

मी त्या घरात पुष्कळदा मूर्ख ठरलो आहे. मूर्ख ठरायची मला सवय आहे, त्यात एक आराम असतो. पण चोर ठरण्यात आराम नाही. मला एकदम तहान लागली.

एवढ्यात आतलं दार उघडलं आणि सासूबाई बाहेर आल्या. मी बाटली पाठीमागे लपवली. म्हणजे एक फूटभर उंचीची बाटली एका साडेपाच फुटाच्या घामेजल्या माणसानं पाठीमागे धरली. महिन्यापूर्वीच त्यांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले होते.

"ठेवा ते खाली, जवाई. दिसते मले."

मी ठेवली. मेव्हणीनं डोक्यावरचा पदर उगाचच सारखा केला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं: इटली, कूलर, राजापेठ. मग लाकडी खुर्ची ओढून बरोबर टीपॉयसमोर बसल्या.

"पाचव्या शीलाचं तुमचं तुमी पाहा. तुमी काई लहान नाई. पन माह्या घरात चौथं मोडलं काय, तेवढं मले सांगा." चौथं म्हणजे खोटं न बोलण्याचं. "जवाई, हे कागद छापला, तं लावला काहून नाई?"

इथे मला एक सुंदर उत्तर सुचलं होतं. मनानं खाल्लं, हात धजला नाही, वगैरे. पण त्यांचे ते नवे डोळे माझ्यावर होते.

"गोंद नाई मिळाला, आई," मी म्हणालो. "मूर्तिजापूरच्या स्टँडवर उतरून दोन दुकानं पाह्यली."

बायकोनं कपाळाला हात लावला. ती समजत होती मी लघवीला उतरलो.

"हे खरं बोलले," सासूबाई म्हणाल्या. "आता बाटलीचं सांगा."

"आजी," भाची म्हणाली, "बाटलीच्या बुचावर साल छापलेलं असते. बूच काढलं की दिसन."

"मंग काढा."

भाचीनं तिकडून आणलेला स्क्रू काढला. तिनंच उघडली असती तर ही गोष्ट इथेच संपती. पण मी म्हणालो, "दे इकडे. मले माहीत हाय." नाशिकला त्या मुलीनं बूच काढून दाखवलं तेव्हा मी रुमालात होतो, हे मी सांगितलं नाही. स्क्रू फिरवला, बाटली गुडघ्यांत धरली आणि ओढली. जुनं बूच म्हणजे जुना ब्रेड. कुस्करलं. वरचा अर्धा तुकडा माझ्या हातात आला. खालच्या अर्ध्यासाठी मी पुन्हा स्क्रू घातला, जरा जोर लावला, आणि तो डुबुक करून आत गेला. थोडी वाइन माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाली. हा सदरा मी आनंदाचा दिवस म्हणून घातला होता.

"मावसाजी, जुनी बुचं तुटतेच," भाची दयेनं म्हणाली.

साडूंनी माझ्या हातातला तुकडा घेतला. आकडे बुचाच्या उभ्या अंगावर होते आणि बरोबर मधून तुटले होते. "एक. नऊ," त्यांनी वाचलं. "एकोनीस. एकोनीस तं माह्याही जन्माच्या दाखल्यावर हाय."

उरलेले दोन आकडे बाटलीत पोहत होते. म्हणजे माझी अब्रू एका हिरव्या बाटलीच्या आत होती आणि तिच्यापर्यंत पोहोचायचा रस्ता एकच होता: बाटली रिकामी करणं. सासूबाईंनाही ते कळलं. त्यांनी पदर सावरला आणि छताकडे पाहत म्हणाल्या, "करा मंग. मी पुराव्यासाठी बसली."

भाचीनं ती हळूहळू स्टीलच्या जगमध्ये ओतली, मागून मोबाइलचा उजेड धरून, तळचा गाळ हलू न देता. मग सरबताच्या काचेच्या ग्लासांत दोन दोन बोटं. मला वाटलं होतं जांभळासारखा गडद रंग असेल. निघाला विटेचा. कडेला तर नारिंगी.

"रंग उतरला हाय," साडू म्हणाले. "ठेवून ठेवून पिवळा पडलेल्या कापसावानी."

"वय झालं की उतरतेच, बाबा. तुमी हुंगून तं पाहा."

मी संधी साधली. "यात डांबर अन् गुलाब, असा दोन्हीचा वास येते," मी म्हणालो. हे मी येण्यापूर्वी वाचून आलो होतो.

साडूंनी माझ्याकडे पाहिलं, मग ग्लासात नाक घातलं. शिंकले नाहीत. पुन्हा घातलं. "डांबर तं हाय," ते नाइलाजानं म्हणाले. "तिवश्याच्या सेंटरवर होतो तवा उन्हात समोरचा रोड असाच वास मारे." तिसऱ्यांदा हुंगून म्हणाले, "गुलकंदही हाय."

पहिला घोट साडूंचा ठरला होता, पण ते हुंगतच राहिले, म्हणून मी प्यालो, आणि त्याबद्दल मला गंमत करता येत नाही. पहिल्यांदा आंबट. मग सगळं तोंड आतून आवळत गेलं, लहानपणी कच्चं टेंभरू खाल्लं की व्हायचं तसं, जीभ टाळूला चिकटते की काय असं. मी म्हटलं गेली, कूलरनं मारली. आणि मग ती आवळलेली मूठ उघडावी तशी उघडत गेली. चेरी म्हणतात, पण मी चेरी फक्त केकवरची खाल्लेली आहे. मला सुकलेली बोरं लागली, वडिलांच्या जुन्या चामडी बॅगेचा आतला वास लागला, आणि नांगरलेल्या काळ्या रानावर पाणी शिंपडल्यावर येतं ते. गिळल्यावरही ती गेली नाही. मी नाशिकच्या त्या मुलीला सांगितलं पाहिजे की तिनं शिकवलेलं सगळं बरोबर होतं, फक्त शिकणारा चुकीचा होता.

माझ्या बायकोनं एक घोट घेऊन "औषधावानी हाय" म्हटलं आणि थोड्या वेळानं ग्लास पुन्हा पुढे केला.

साडूंनी आधी प्यायली नाही. करंगळीनं एक थेंब घेतला, अंगठा आणि पहिल्या बोटात धरला आणि हळूच ओढला. मला मधाची बरणी आठवली. मग त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले. आम्ही वाट पाहत होतो. भाची माझ्याकडे नाही, बाबांकडे पाहत होती, आणि तिचे दोन्ही हात मांडीवर घट्ट धरलेले होते.

"धागा लांब हाय," साडू म्हणाले.

"म्हंजे?"

"गिळली, तरी चालूच हाय. अजून चालू हाय." त्यांनी डोळे उघडले. ते ओले होते. पण त्या घरात याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मीही बोलत नाही. "हे यानं भरली नाई."

"नाई न, भाऊ!"

"याले एवढी अक्कलच नाई. हे भरनं याच्या बापाच्यानंही होनार नाई."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या बाजूनं केलेलं हे पहिलं विधान. मी ते तसंच्या तसं जपून ठेवलं आहे.

"अंदाज नोका सांगू," सासूबाई म्हणाल्या. "पुरावा पायजे."

तळाशी उरलेली वाइन गाळासकट एका वाटीत काढली. बाटली रिकामी झाली. आत बुचाचा तुकडा खुळखुळत होता. साडूंनी आत डोकावलं, मेव्हणीनं डोकावलं, मी तर डोळाच लावला. आमच्या तिघांच्या चष्म्यांना काही दिसेना. सासूबाईंनी हात पुढे केला. जन्मात पहिल्यांदा दारूची बाटली त्यांच्या हातात आली असेल. त्यांनी ती खिडकीकडे तिरपी धरली, नातीला खालून मोबाइलचा उजेड धरायला लावला, आणि पापणी न हलवता पाहत राहिल्या.

"नऊ," त्या म्हणाल्या. बाटली थोडी फिरवली. "अन् आठ."

कोणी काही बोलायच्या आत त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "तू झाली तवा दवाखान्यात मी डबा आनला होता. याच जवायाच्या स्कूटरवर. रस्त्यात त्यानं तोही सांडला होता." मग माझ्याकडे वळून, "चौथं शाबूत हाय. पाचव्याचं सकाळी पाहू."

सकाळी पाहिलंच त्यांनी. पौर्णिमा नव्हती, काही नव्हतं, तरी चहाच्या आधी सगळ्यांना पांढऱ्या चादरीवर बसवलं आणि पंचशील सांगितलं. पाचव्यापाशी थांबल्या. "जवाई, ऐकू नाई आलं." मी पुन्हा म्हटलं. "अजून एक डाव." शेजारच्या घराची खिडकी उघडली, इतक्या मोठ्यानं म्हटलं. साडू माझ्या बाजूला बसून तोंड दाबून हसत होते, तर त्यांनाही दोनदा म्हणावं लागलं.

रिकामी बाटली आता त्यांच्या शोकेसमध्ये आहे. साडूंनी दुकानातून गोंद आणून ते राजापेठचं लेबल स्वतःच्या हातानं तिच्यावर लावलं, वांग्यासकट. कोणी आलं की वाचून दाखवतात.

निघताना मी एसटी स्टँडवर बॅग उघडली तेव्हा आत एक बरणी सापडली. मेळघाटातला मध. झाकणाभोवती कागदाची पट्टी आडवी चिकटवलेली, आणि पट्टीच्या जोडावर, नमुने सीलबंद करताना करायचे तशी, साडूंची सही. मी फोन लावला.

"भाऊ, हे काय?"

"ठेव. दिवाळीले आनजो," साडू म्हणाले. "अन् प्रोफेसर..."

"कूलरात नाई ठेवत, भाऊ."

"ते तं झालंच. मी म्हनून राहिलो, पट्टीचा गोंद पान्यात इरघळत नाई. मी पाहून घेतलं हाय."

बरणी बायकोच्या कपाटात, पैठणी आणि इरकलीच्या मध्ये आहे. किल्ली बायकोकडे असते.